चेहरा न पाहणारा दरवाजा : रिमोट डेस्कटॉप आणि त्याच्या राखणीचा इतिहास

जानेवारी २०२१च्या आरंभी नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे सुमारे साडेचौदा कोटी रुपये चोरीस गेले. ना तिजोरी फुटली, ना पहारेकऱ्याला कोणी बांधून ठेवले. बँकेचे आयडीबीआय बँकेत एक खाते होते. लहान सहकारी बँका आरटीजीएस आणि एनईएफटीचे व्यवहार बहुधा अशा मोठ्या बँकेच्या आधारानेच करतात. त्या खात्यातून रक्कम पाठवण्याचे आदेश सुटले, यंत्राने ते खरे मानले आणि ठेवीदारांचा पैसा अनेक अनोळखी खात्यांत विखुरला. तपासाचा माग काढत नांदेड पोलिसांना परराज्यांत जावे लागले.

प्रत्येक सायबर चोरीची वाट निराळी असते. नांदेडच्या चोरीला रिमोट डेस्कटॉपची चोरी म्हणण्याचे कारण नाही. मात्र तिच्या मुळाशी असलेला प्रश्न या धाग्याचा विषय आहे: दुरून आलेला हुकूम खऱ्या धन्याचा की तोतयाचा, हे यंत्राने ओळखायचे कसे?

मराठी दफ्तरखान्याला हा प्रश्न नवा नव्हता. पत्र लिहिणारा शेकडो मैलांवर असे. त्याचा चेहरा दिसत नसे; दिसे तो शिक्का. म्हणून पत्राच्या आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर शेवटी उमटणारी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा मजकुराची सीमा सांगे. तिच्या खाली कोणी एक ओळ वाढवली तर ती बनावट ठरे. पण शिक्काच चोराच्या हाती लागला तर पत्र वाचणारा किल्लेदार काय करणार? रिमोट डेस्कटॉपच्या पंचवीस वर्षांहून अधिक काळच्या इतिहासात हाच पेच पुन्हा पुन्हा येतो.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या पुढ्यात आणण्याची सोय. काम तिकडच्या सर्व्हरवर चालते. इकडून केवळ कळफलकाचे ठोके आणि माउसची हालचाल जाते, तिकडून केवळ चित्र येते. १९९०च्या दशकात सिट्रिक्स या अमेरिकी कंपनीने विंडोज एनटीवर एकाच वेळी अनेकांना काम करता येईल असे तंत्र विकसित केले. मायक्रोसॉफ्टने १९९७मध्ये ते परवान्याने घेतले आणि १९९८मध्ये ‘विंडोज एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर एडिशन’ बाजारात आणले. त्यासोबत रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, म्हणजे आरडीपी, जन्मास आला. २००१मध्ये विंडोज एक्सपीने ही सोय साध्या कार्यालयीन संगणकापर्यंत पोहोचवली. या दरवाजाचा क्रमांक तेव्हापासून आजवर ठरलेला आहे: पोर्ट ३३८९.

त्या काळाची एक समजूत लक्षात घ्यायला हवी. हा दरवाजा कचेरीच्या आतल्या भिंतीत बसवण्यासाठी घडवला होता. एका इमारतीतील, एका कंपनीतील, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांसाठी. आरंभीच्या आवृत्त्यांत तर समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही याची खातरजमा करण्याची सोयही कच्ची होती. ती त्रुटी दूर करणारी टीएलएसची जोड विंडोज सर्व्हर २००३ला २००५मध्ये मिळाली. आतल्या भिंतीचा हा दरवाजा पुढे लोकांनी थेट रस्त्यावर उघडला. त्यातून जे घडले ते अटळ होते असे म्हणता येणार नाही, पण आश्चर्याचेही नव्हते.

लोकांनी तसे का केले याचे उत्तर मराठवाड्यासारख्या प्रदेशात सहज सापडते. डाळमिलचा जमाखर्च, आडत दुकानाची वही, पतसंस्थेची खाती, शिकवणी वर्गाची नोंदवही: हे सारे एका संगणकावर ठेवायचे आणि मोंढ्यातून, गोदामातून, घरून किंवा सनदी लेखापालाच्या कार्यालयातून त्यावर काम करायचे, ही गरज खरी आहे. टॅली एका सर्व्हरवर बसवली की आठ जण आठ ठिकाणांहून नोंदी करू शकतात. केवळ चित्रच प्रवास करत असल्याने मंद जोडणीवरही काम निभते. आज्ञावलीत बिघाड झाला तर पुण्या-मुंबईचा तंत्रज्ञ तिथूनच हात घालतो. लातूरपर्यंतच्या त्याच्या फेरीचा खर्च वाचतो. मग कोणीतरी राउटरवर ३३८९ बाहेरच्या जगासाठी उघडून देतो, ‘अ‍ॅडमिन’ नावाला सर्वांच्या लक्षात राहील असा पासवर्ड देतो आणि काम सुरू होते. सोयीपोटी केलेल्या या अर्ध्या तासाच्या कामात पुढच्या अनेक वर्षांचा धोका पेरलेला असतो.

याच परिसरातील कंधार, उदगीर आणि औसा हे किल्ले भुईकोट आहेत. त्यांना सह्याद्रीचा कडा नाही. शत्रू कोणत्याही दिशेने चालत भिंतीपाशी येऊ शकतो. म्हणून त्यांची सारी मदार खंदकावर, दुहेरी तटावर आणि वळणे घेत जाणाऱ्या दरवाजांवर. इंटरनेटवर थेट उभा केलेला सर्व्हर हा असाच सपाटीवरचा किल्ला, फक्त खंदक न खणलेला. ‘आमच्या लहानशा गावातल्या यंत्राकडे कोण बघणार?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. बघणारा माणूस नसतो. जगातील सर्व पत्त्यांवर रात्रंदिवस टकटक करत फिरणाऱ्या आज्ञावली असतात, आणि त्यांना नांदेड, न्यूयॉर्क किंवा नैरोबी यांत काही फरक दिसत नाही.

संगणकावरील आक्रमणाची पहिली पिढी मात्र अशी दुरून येत नसे. ती फ्लॉपीत बसून हाताने येई. १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकांवरील पहिल्या विषाणूंपैकी एक. तो फ्लॉपीच्या आरंभभागात दडून जगभर फिरला. पुण्यात संगणकदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या, मूळ सातारा जिल्ह्यातील कैलाश काटकर यांच्याकडे दुरुस्तीला येणारी अनेक यंत्रे अशा विषाणूंनीच आजारी असत. त्यांचे बंधू संजय यांनी त्यांवर उतारा लिहायला घेतला आणि १९९५मध्ये ‘क्विक हील’ आकारास आले. महाराष्ट्रातील असंख्य कार्यालयांनी ‘अँटिव्हायरस’ हा शब्द याच नावासोबत ऐकला असेल.

या पिढीने एक सवय मागे ठेवली: अँटिव्हायरस बसवला म्हणजे राखण झाली. आत येणारी पोती तपासणारा जकातदार कितीही दक्ष असला, तरी खुद्द हवालदाराची चावी घेऊन कोणी आत शिरला तर तो काय करणार? रिमोट डेस्कटॉपवरून प्रशासकाच्या अधिकाराने आत आलेला आक्रमक बहुतेक वेळा पहिले काम हेच करतो: अँटिव्हायरस बंद. त्यासाठी त्याला विषाणूही लागत नाही, एक क्लिक पुरते.

ऑगस्ट २०११मध्ये ‘मॉर्टो’ नावाचा किडा पसरला. त्याच्यापाशी विंडोजमधील कोणत्याही गुप्त छिद्राचे ज्ञान नव्हते. तो ३३८९वर जाई, प्रशासकाची रूढ नावे घेई आणि एका छोट्या यादीतील पासवर्ड क्रमाने वापरून पाही. यादीत ‘अ‍ॅडमिन’, ‘पासवर्ड’, ‘१२३४५६’ असलीच रत्ने होती. दार उघडले की तो स्वतःला नव्या यंत्रावर उतरवी, आणि त्यासाठी रिमोट डेस्कटॉपचीच एक सोय वापरी: जोडणी करणाऱ्याच्या संगणकातील ड्राइव्ह सर्व्हरवर दिसण्याची. कारकुनाला घरची फाइल कचेरीत उघडता यावी म्हणून ठेवलेली ही खिडकी. तिच्यातून किडा आत आला. इतका साधा किडा इतका पसरावा, यावरून जगातील सर्व्हर कसल्या कड्यांनी बंद केले जात होते ते कळते.

मॉर्टोचा उपद्रव ओसरला. पण त्याने दाखवलेली वाट वाहती राहिली, आणि थोड्याच वर्षांत तिच्यावर बाजार बसला. जून २०१६मध्ये कॅस्परस्की या कंपनीने ‘एक्सडेडिक’ नावाची एक आडत उघड केली. तिथे ७०,६२४ सर्व्हरांचा प्रवेश विक्रीस होता. १७३ देशांतील यंत्रे, ४१६ विक्रेते, भाव ६ डॉलरपासून. ज्या देशांतील सर्वाधिक यंत्रे यादीत होती त्यांत भारताचे नाव वरच्या फळीत होते.

लातूरच्या मोंढ्यात तुरीचे किंवा सोयाबीनचे सौदे पाहिलेल्याला हा बाजार लगेच समजेल. मालाची प्रत, ओलावा, वजन पाहून भाव ठरावा, तसे इथे प्रत्येक यंत्राचा तपशील मांडलेला असे: ते कोणत्या देशात आहे, जोडणीचा वेग किती, त्यावर हिशेबाची किंवा करभरण्याची आज्ञावली आहे का. चोर स्वतः लूट करत नसे. तो फक्त फोडलेल्या कुलपांची घाऊक विक्री करी. लुटणारा वेगळा, आडत्या वेगळा. जानेवारी २०१९मध्ये अमेरिका, बेल्जियम आणि युक्रेनच्या यंत्रणांनी ही आडत बंद पाडली. धंदा इतरत्र सरकला.

या बाजारातले सर्वांत घातक गिऱ्हाईक म्हणजे खंडणीखोर. ‘सॅमसॅम’ टोळीने रिमोट डेस्कटॉपचे पासवर्ड फोडून किंवा विकत घेऊन अमेरिकेतील रुग्णालये आणि नगरपालिका वेठीस धरल्या. मार्च २०१८मध्ये अटलांटा शहराचे कामकाज त्यांनीच ठप्प केले. ‘क्रायसिस’ आणि ‘धर्मा’ या कुळांतील रॅन्समवेअरने लहान व्यापाऱ्यांना गाठले. पद्धत ठरलेली. शुक्रवारी रात्री किंवा सणाच्या सुटीत आत शिरायचे, बॅकअप शोधून नष्ट करायचा, मग हिशेबाच्या फाइली कुलूपबंद करून पडद्यावर खंडणीची चिठ्ठी ठेवायची. ‘धर्मा’ हे नाव एखाद्या मराठी कारकुनाने त्या पडद्यावर प्रथम वाचले असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल!

दुसरी वाट छिद्रांची. १२ मे २०१७ रोजी सुरू झालेले ‘वॉनाक्राय’ रिमोट डेस्कटॉपमधून नव्हे, फाइल वाटून घेण्याच्या जुन्या सोयीतून पसरले. पण त्यातील एक गोष्ट इथेही लागू पडते: त्या छिद्रावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच प्रसिद्ध केली होती. जवळपास दोन महिने औषध उपलब्ध होते आणि घेतले गेले नव्हते. १४ मे २०१९ रोजी खुद्द रिमोट डेस्कटॉपमधील ‘ब्लूकीप’ हे छिद्र जाहीर झाले. त्यातून पासवर्डाशिवायच आत शिरता येत होते. धोका इतका मोठा मानला गेला की मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या एक्सपी आणि सर्व्हर २००३साठीही दुरुस्ती दिली. तरीही पुढील काही आठवड्यांत इंटरनेटवर सुमारे साडेनऊ लाख यंत्रे दुरुस्तीविना उघडी आढळली.

महाराष्ट्राला या सर्वांची खरी जाणीव करून दिली ती पुण्याच्या कॉसमॉस बँकेने. १९०६मध्ये स्थापन झालेली ही सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्या आज्ञावलीने एटीएमच्या मागण्यांना उत्तर देणारा तोतया मध्यस्थ उभा केला. खात्यात पैसे आहेत का, असे एटीएम विचारी आणि खऱ्या बँकेऐवजी तोतया ‘आहेत’ म्हणून सांगे. काही तासांत २८ देशांतील यंत्रांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ तारखेला स्विफ्टद्वारे १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४.४२ कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९च्या अहवालात या चोरीची गणना उत्तर कोरियाशी जोडलेल्या चोऱ्यांत केली. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. एटीएमपुढे उभे राहून नोटा काढणारी ही साखळीची शेवटची कडी.

रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चढत्या पायऱ्यांची नियमावली दिली. कागद वेळेवर आला होता. सुमारे वर्षभराने नांदेडची चोरी झाली. त्या दरम्यान २५ मार्च २०२० आली: टाळेबंदी. कचेऱ्या बंद, काम घरून, आणि जगभर एका आठवड्यात असंख्य सर्व्हर घाईघाईने रस्त्यावर उघडले गेले. पासवर्ड फोडण्याच्या प्रयत्नांना त्याच महिन्यात उधाण आले.

मग हा दरवाजा राखायचा कसा? याचे सर्वांत नेमके उत्तर, थोडे गमतीने म्हणायचे तर, १७१५च्या सुमारास लिहिले गेले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांविषयी सूचना आहेत. गडाला एकच दरवाजा असणे ते दोषाचे मानतात; गड पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, पण रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्यांचा आशय आहे. आजचा फायरवॉल लावणारा अभियंता नेमके हेच करतो: लागणारे पोर्ट उघडे, बाकी चिणलेले.

त्यातही ३३८९ रस्त्यावर असण्याची मुळातच गरज नाही. आधी व्हीपीएनचा किंवा रिमोट डेस्कटॉप गेटवेचा बाहेरचा दरवाजा ओलांडायचा, तिथे ओळख पटवायची, मगच आतला दरवाजा दिसायचा. अशा गेटवेची सोय विंडोज सर्व्हर २००८पासून आहे. त्याच पिढीत ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ आले. त्यामुळे ओळख पटण्यापूर्वी सर्व्हर पाहुण्याला ओसरीवरही बसू देत नाही. ‘ब्लूकीप’च्या वेळी ही सोय चालू असलेल्या यंत्रांवर अनोळखी आक्रमकाची वाट अडली होती. पुष्कळ जण याऐवजी ३३८९चा क्रमांक बदलून समाधान मानतात. दरवाजाला दुसरा रंग दिल्याने तो भिंत होत नाही. टकटक करणाऱ्या आज्ञावली पासष्ट हजार पोर्ट तपासायला कंटाळत नाहीत.

पासवर्ड कितीही वेळा चुकवला तरी खाते बंद न होणे ही विंडोजची कित्येक वर्षांची मूळ मांडणी होती. मॉर्टोसारख्यांचे पोट त्यावरच भरले. २०२२मध्ये ती बदलली: नव्या विंडोज ११मध्ये १० चुकांनंतर खाते १० मिनिटे बंद होते. जुने सर्व्हर मात्र आपणहून शहाणे होत नाहीत. तिथे हा नियम हाताने घालावा लागतो. पासवर्डाच्या जोडीला मोबाइलवरील दुसरी खूण मागणे याहून मोलाचे, कारण विकत घेतलेली चावी तिथे अडते.

सभासद बखरीत शिवकालीन गडाची व्यवस्था सांगितली आहे: हवालदार, सरनोबत आणि सबनीस, तिघेही बरोबरीचे. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये, हा हेतू. सर्व्हरवर याचा अर्थ असा की नोंद करणाऱ्या कारकुनाला प्रशासकाचा अधिकार नको, बाहेरगावच्या तंत्रज्ञाची वाट काम संपताच बंद हवी, आणि मोठी रक्कम पाठवताना आदेश देणारा एक व मंजुरी देणारा दुसरा, दोन वेगळ्या यंत्रांवर. एकाच संगणकावर दोघांचे पासवर्ड चिठ्ठीवर चिकटवलेले असतील तर ती तिघांची व्यवस्था एकाच फितुराच्या स्वाधीन होते.

ड्राइव्ह जोडण्याची आणि मजकूर चिकटवण्याची सोय गरज नसेल तिथे बंद ठेवावी; मॉर्टोची खिडकी तीच. दुरुस्त्या महिन्याच्या महिन्याला घालाव्यात. आणि बॅकअपची एक प्रत यंत्राला न जोडलेली, शक्यतो दुसऱ्या गावी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत काय झाले हे माहीत असलेल्या जिल्ह्यात ही सूचना फार समजावून द्यावी लागू नये. सर्व्हरच्याच यूएसबीत कायम खुपसलेला डिस्क हा बॅकअप नव्हे. खंडणीखोर त्यालाही त्याच रात्री कुलूप घालतो.

राहिली गोष्ट पहारेकऱ्याच्या वहीची. कोण कधी आले, किती वेळा चुकीचा पासवर्ड पडला, याच्या नोंदी सर्व्हर आपसूक ठेवतो. वाचणारा क्वचित असतो. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत या नोंदी १८० दिवस जपणे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक केले. लहान संस्थेला सहा तास फार कमी वाटतात. पण चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात जायला तेवढाही वेळ लागत नाही, हे कॉसमॉस आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी दिसले.

जुलै २०२४च्या अखेरीस प्रसंग पुन्हा आला. देशातील सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. सुरक्षा-संशोधकांनी माग काढला तेव्हा तो दुसऱ्याच एका पुरवठादार कंपनीच्या नीट न बांधलेल्या सर्व्हरपाशी जाऊन थांबला. या वेळी राष्ट्रीय भुगतान महामंडळाने वाट पाहिली नाही. ३१ जुलैला त्याने सी-एजला आपल्या जाळ्यातून तोडले. त्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि इतर व्यवहार अडले, गैरसोय झाली. बाहेरच्या तज्ज्ञांकडून यंत्रणेची तपासणी करून घेण्यात आली आणि १ ऑगस्टला तोडलेला दुवा पुन्हा जोडला गेला.